नंदीच्या चाकांखालचं विमान

तान्हा पोळा एकोणीस दिवसांवर आला असताना वडिलांनी फोनवरून मला एक खोटी ओळ लिहून घ्यायला सांगितली. पुढचं सगळं त्या ओळीमुळे घडलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल घेऊन निघतात, तो तान्हा पोळा. त्या बैलाला नंदी म्हणतात. त्याच्या पायांखाली चाकं असतात आणि गळ्यातल्या दोरीने त्याला ओढतात. काही घरांचे नंदी माणसाच्या कमरेएवढे आहेत. आमचा मध्यम आहे, जमिनीपासून शिंगांच्या टोकापर्यंत एकवीस इंच. तो माझ्या आजोबांनी सागाच्या एका ओंडक्यातून स्वतः कोरला. गाव हिंगणघाट तालुक्यात आहे. वडील पंच्याऐंशी वर्षांचे, ते तिथेच राहतात. शेजारच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका. मी जमीन मोजणीच्या कचेरीत काम करतो आणि बायकोसह वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला राहतो.

यंदा गावातल्या समितीने ठरवलं की जुने नंदी शाळेच्या पटांगणात मांडायचे आणि प्रत्येकापुढे माहितीचं कार्ड ठेवायचं. कार्डावर चार रकाने होते: कोणाचा, कोणी केला, कधी, आणि विशेष. माझं अक्षर बरं म्हणून आमचं कार्ड मी लिहायचं होतं.

"विशेषमंदी लिह," वडील म्हणाले, "चाकं जिनातल्या मशीनचे आहेत."

"बाबा, तुमी तर सांगत होते ते विमानाचे आहेत."

"मी लय काही सांगत होतो. तू लिह ना बाप्पा. लोकाइले हासाले कारण कायले द्याचं?"

मी होकार दिला, फोन ठेवला आणि ती ओळ लिहिली नाही.

ते हसू पहिल्यांदा गावात पसरवलं होतं मीच. माझ्या लहानपणी वडील मला सांगायचे, की ते सहा वर्षांचे असताना आजोबांसोबत कापसाच्या बैलबंडीवर हिंगणघाटला गेले होते. तिथे एका जिनामागच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यामागच्या, आवारात लढाईतलं एक विमान मोडीत आलेलं होतं. ठेकेदार त्याचा पत्रा कापत होता. आजोबांनी कापूस विकला आणि येताना त्या विमानाची चार चाकं आणली. ती पुढे नंदीला लागली. ही हकीकत मी चौथीत निबंधात लिहिली. त्यात वडिलांचं एक वाक्य जसंच्या तसं होतं: विमानाचे पंख वाकडे होते. गुरुजींनी निबंध वर्गाला वाचून दाखवला आणि त्या वाक्यावर थांबून विचारलं, "वाकड्या पंखांचं विमान उडत होतं की लंगडत होतं?" वर्ग हसला. दोन दिवसांत गाव हसलं. मी घरी येऊन वडिलांवर ओरडलो, की तुमच्या खोट्यामुळे माझी फजिती झाली. त्यांनी मला मारलं नाही, समजावलंही नाही. फक्त त्यानंतर ती गोष्ट ते पुन्हा कधी बोलले नाहीत. या गोष्टीला आता त्रेचाळीस वर्षं झाली.

म्हणून कार्डावरची ती ओळ मला लिहवेना. पण पुराव्याशिवाय उलटही लिहवेना. माझा स्वभाव तसा आहे. दोन गट क्रमांकांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणी सांगितला म्हणून मी नकाशावर ओढत नाही, साखळी टाकून मोजतो.

त्या शनिवारी गावी जाऊन मी नंदी पिपरीला घेऊन आलो. वडिलांना सांगितलं, की यंदा रंग मी देतो. बसमध्ये नंदी मांडीवर होता. कंडक्टरने विचारलं, "याचं हाफ तिकीट काढू का फुल?"

घरी एक चाक काढलं. चाक म्हणजे खरं तर चकती, व्यास सव्वाचार इंच, आणि कडेला सगळीकडून खोबण, जशी विहिरीवरच्या कप्पीला असते. नंदीच्या चाकाला खोबणीचं काहीच काम नाही. लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ही खोबण कशासाठी, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. त्या दिवशी पडला. ही तार धावण्यासाठी केलेली वस्तू होती.

चाकावर रंगाचा जाड लेप होता. ब्लेडने तो खरवडेना. मी अर्धा तास घाम गाळल्यावर बायकोने शांतपणे नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस आणून ठेवला.

"हे घ्या. आणि ब्लेड ठेवा बाजूले. सोमवारी सही कराले बोटं लागतील."

तासाभरात चकतीच्या एका बाजूला धातू दिसू लागला. फिकट, चंदेरी. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नव्हे. मग ठशाचे खड्डे दिसले. मी सुईने ते साफ केले. आत विटकरी रंगाची पूड भरली होती, गंजासारखी. सुईवर घेऊन मी ती बराच वेळ पाहिली. लोखंड नाही तर गंज कुठून? वहीत लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं.

खड्ड्यांतून आकडे उमटले. पहिले दोन, ७ आणि २. मग एक आडवी रेघ आणि पुढे पाच आकडे. शेजारी एका छोट्या गोलात तपासनिसाची खूण. मी बायकोला हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका चढला होता, की ती हातातलं पीठ झटकत धावत आली.

"काय झालं? कापलं का?"

"नंबर आहे! कारखान्याचा नंबर!"

फोटो काढून मी काकांना पाठवला. हीच माझी चूक. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

"अरे, बहात्तर लिवलं आहे ना त्याच्यावर! सालच हाये ते. बहात्तरच्या दुष्काळात जिन मोडलं तवा मीच आणलं होतं हे सामान. माह्या हातानं बसवलं. दादाले म्हण, विमान उतरवा आता खाली."

काका खोटं बोलत नाहीत. त्यांनी बहात्तर साली नंदीचं काम केलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि नंबर खरंच बहात्तरने सुरू होत होता. एकीकडे वडिलांची सहाव्या वर्षीची आठवण, दुसरीकडे काकांची तेविसाव्या वर्षीची. कोणीही शहाणा माणूस दुसरी धरेल.

त्या रात्री मी ताटाशेजारी वही उघडून जेवायला बसलो. बायकोनेच विचारलं, "दरवर्षी रंग देतात ना हो तुमच्याकडं? मग मोजा की रंग."

मी पानावरून उठलोच. हात न धुता उठलो म्हणून बोलणीही खाल्ली.

आमच्या घरची रीत अशी, की दर पोळ्याआधी नंदीला नवा रंग लागतो, आणि चाकांना घरात जो डबा उघडा असेल त्यातला. एखाद्या वर्षी दारांचा निळा, एखाद्या वर्षी बंडीचा लाल, एखाद्या वर्षी फवारणीच्या पंपाचा उरलेला पिवळा. जुना रंग कोणी खरवडत नाही. चाक धूतही नाही. फिरून आलेल्या नंदीच्या चाकाला गावची काळी माती चिकटते आणि पुढच्या वर्षी तिच्यावरच ब्रश फिरतो. म्हणजे दोन रंगांच्या मध्ये दरवर्षी मातीची एक बारीक काळी रेघ. इतकी शिस्तशीर नोंद आमच्या कचेरीतही मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या चाकाचा लेप मी बारीक पॉलिश पेपरने तिरका घासला. थर उघडे पडले, झाडाच्या बुंध्यावरच्या कड्यांसारखे. मोबाइलने जवळून फोटो काढला, दुकानातून मोठा छापून आणला आणि प्रत्येक काळ्या रेघेवर पेनाने टिंब देत गेलो.

काकांचं खरं असेल तर थर जास्तीत जास्त त्रेपन्न असायला हवेत. बहात्तरपासून गेल्या वर्षीपर्यंत तेवढेच पोळे होतात. मी त्रेपन्नावर आलो तेव्हा खाली अजून रंग होता. चौपन्न. पंचावन्न. साठ. मी मोठ्याने मोजत होतो आणि बायको समोर उभी राहून बोटं दुमडत होती. एकाहत्तरवर धातू लागला.

पुन्हा मोजले. सत्तर आले. तिसऱ्यांदा एकाहत्तर. तिसरं चाक घासलं, त्यावरही एकाहत्तर.

त्या रविवारी मी नाचलो, असं बायको सांगते. मला आठवत नाही. पण मग हिशेब मांडला आणि तोंड उतरलं. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे चाकांचा पहिला पोळा स्वातंत्र्याच्या वर्षीचा. तेव्हापासून गेल्या वर्षीपर्यंत अठ्ठ्याहत्तर पोळे होतात. सात थर कमी. घरात माणूस गेलं की त्या वर्षी सण नाही, नंदी माळ्यावर. आजोबा, आजी, एक आत्या, मोठे काका आणि माझी आई, असे पाच. करोनाची दोन वर्षं तान्हा पोळा भरला नव्हता. पाच आणि दोन सात. जुळलं! मी वहीत दुहेरी रेघ मारली.

काळ जुळला, तरी चाकं विमानाची होती हे सिद्ध व्हायचंच होतं. लढाईच्या काळातल्या जुन्या विमानांचा माग काढणाऱ्यांचा एक गट इंटरनेटवर आहे, तो मी शोधून काढला. तिथे आकड्यांचे फोटो टाकले. इंग्रजी जमेल तसं लिहिलं, मापं मात्र बरोबर दिली. ओळखीच्या लेथवाल्याकडून व्हर्नियर आणून व्यास, जाडी, खोबणीची खोली, भोकांमधलं अंतर, सगळं घेतलं.

सकाळी दात घासताना मोबाइल वाजला. ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाचं उत्तर होतं. त्याने एकच विचारलं होतं: मधल्या भोकात नंतर कोणी दुसरा आस बसवला आहे का? मी लिहिलं, हो, लोखंडी. मग एक तास काही नाही. मी दाढी केली, डबा भरला, मोटरसायकल काढली, आणि वर्ध्याच्या रस्त्याला लागण्याआधी पुन्हा वाजला म्हणून फाटकातच थांबलो.

त्याने यंत्रभागांच्या जुन्या पुस्तकातलं एक पान पाठवलं होतं. त्यात आमच्या चकतीचं चित्र. खाली आमचाच नंबर, सातही आकडे. बहात्तर हे साल नव्हतं, त्या विमानाच्या मॉडेलचा तो कारखान्यातला आकडा होता. आमच्या नंदीची चाकं म्हणजे शेपटीकडचं सुकाणू हलवणाऱ्या तारांच्या पुल्या होत्या. विमानाचं नाव व्हेंजन्स. अमेरिकेत बांधलेलं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारं, आपल्या वैमानिकांनीही उडवलेलं. त्या माणसाने लिहिलं होतं, की लढाई संपल्यावर ही विमानं कुठेकुठे भंगारात गेली याची नोंद फारशी नाही, आणि आता पूर्ण विमान पाहायचं तर बहुधा त्याच्याच देशात यावं लागेल. शेवटी मोठ्या अक्षरांत: बाकीचं विमान कुठे आहे???

त्याखाली एक फोटो होता. विमान वरून टिपलेलं.

मी मोटरसायकल स्टँडवर लावली. पंखांची पुढची कड अंगापासून निघून मागे तिरकी गेली होती, आणि मग अर्ध्यावर, माणसाचा हात कोपरात वळावा तशी, दिशा बदलून सरळ बाहेर निघाली होती. पडून वाकलेले पंख नव्हते ते. कारखान्यातूनच तसे आले होते.

पंख वाकडे होते.

मी फाटकात उभा राहून ते वाक्य मोठ्याने म्हणालो. पलीकडच्या घरातले सेवानिवृत्त मास्तर कुंपणावरून म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" मी त्यांना फोटो दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आणि कचेरीत न जाता अर्ज मोबाइलवरून पाठवून थेट गावी गेलो. माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आयत्या वेळी घेतलेली ही दुसरी रजा.

वडील ओसरीवर तूर निवडत बसले होते. काकाही होते. मी मोबाइल वडिलांसमोर धरला. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"उलटा धरला तू."

मी फिरवला. त्यांनी बोट लावलं आणि फोटो सरकून गेला. मी परत आणला. आता त्यांनी बोट लावलं नाही, हवेतच धरलं, आणि पंखाच्या कडेवरून फिरवत नेलं. वळणापाशी बोट थांबलं.

"असाच पडला होता तो," ते म्हणाले. "मातीत. बाबानं माहा हात धरून त्याच्यावरून चालवलं होतं मले." मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पोटाले दारं होते. आहेत का याच्यात?"

मी इंटरनेटवर त्या विमानाचे आणखी फोटो शोधले. पोटाखाली बॉम्बची दारं उघडी असलेलं विमान त्यात होतं.

"आन् मांगं तोंड करून बसाची जागा?"

तीही होती. मागच्या माणसाची, पाठमोरी, मशीनगनची.

"तिथं बसलतो मी," वडील म्हणाले. तुरीचं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "ठेकेदार म्हणे, उतर बे, कापाचं आहे. बाबा म्हणे, बसू द्या दोन मिनिट."

काका शेजारून वाकून फोटो पाहत होते. आता म्हणाले, "पण दादा, बहात्तरमंदी मी काय बसवलं मग?"

"आस," मी म्हणालो. "लोखंडी आस जिनातले आहेत, काका. तुमचंबी खरं आहे."

"असं पाह्य!" काका एकदम सावरले. "म्हणजे विमान दादाचं, पण चालवलं मीच."

मी पिशवीतून वही काढून थरांचा हिशेब समजावू लागलो. पाच मृत्यू सांगितले, करोनाची दोन वर्षं सांगितली. वडिलांनी मान हलवली.

"करोनात काऊन नाई रंगवला? रंगवला ना मी. दोन्ही साल. घरातच फिरवला, ओसरीवरून चुलीपर्यंत."

"पण मग दोन थर कमी येतात, बाबा."

"मले काय विचारतं? तुह्या वहीत पाह्य."

माझी दुहेरी रेघ माझ्याकडेच बघत होती. अठ्ठ्याहत्तरातून पाच गेले, त्र्याहत्तर. चाकावर एकाहत्तर. फोटो मिळाला होता, नंबर जुळला होता, तरी हे दोन थर मला टोचत राहिले. वडील पुन्हा तूर निवडू लागले. मी उगाच विचारलं, "पहिल्या वर्षी कोणता रंग दिला होता?"

"कोन्ता म्हणजे? तवा डब्यातला रंग कुठून आणतीन बाबा? पहिले दोन साल गेरूच फासला. तिसऱ्या साली डबा आला घरात."

गेरू! ती विटकरी पूड! ठशाच्या खड्ड्यांत भरलेली, जी मी गंज समजलो. गेरू पावसाच्या पाण्याने धुऊन जातो, थर करत नाही, फक्त खड्ड्यात राहतो. मी प्रश्नचिन्ह लावलेलं ते पान उघडलं आणि दोघा भावांना दाखवलं. ते माझ्या आनंदाकडे जरा काळजीने पाहत होते. त्र्याहत्तरातून दोन गेले, एकाहत्तर. आता खरंच जुळलं, आणि ज्यांच्या आठवणीवर माझा विश्वास नव्हता त्यांनीच ते जुळवून दिलं.

"बाबा, मी तुमाले चौथीत खोटं म्हटलं होतं," मी म्हणालो.

"तिसरीत," वडील म्हणाले.

चौथीतच होतो मी, पण या आकड्यावर वाद घातला नाही.

संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या माणसाचा प्रश्न वडिलांना विचारला. बाकीचं विमान कुठे गेलं? ते हसले. किती दिवसांनी ते असे हसले, हे मोजायला माझ्याकडे काही साधन नाही.

"सांग त्याले, बाकीचं आमी जेवलो. ठेकेदारानं तिथंच पत्रा वितळवून गंज-पातेले केले ना. भाजीचे, भाताचे. बाजारात विकले. तुह्या आजीनंबी घेतला होता एक. बुडाले भोक पडलं तवा मोडीत देल्ला."

मी तसंच लिहून पाठवलं, की बहुतेक विमान हिंगणघाटच्या परिसरातल्या चुलींवर चढलं. त्याने उत्तरात फक्त चार पुल्यांसाठी आभार मानले, आणि त्या विकायच्या आहेत का विचारलं. वडिलांनी ऐकून एवढंच म्हटलं, "मग नंदी चालन कशावर?"

कार्ड मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. विशेषच्या रकान्यात: दुसऱ्या महायुद्धातल्या व्हेंजन्स विमानाच्या तारांच्या चार पुल्या, त्यांवरचा नंबर, आस जिनातले, रंगाचे एकाहत्तर थर (यंदाचा बहात्तरावा). सिद्ध झालं तेवढंच. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पंखाचं लिह."

"कार्ड चाकांचं आहे, बाबा. पंखांचा पुरावा चाकांवर नाही."

"लिह."

तळाला एक ओळ बसेल एवढी जागा होती. मी लिहिलं: पंख वाकडे होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमचा नंदी पटांगणात अकरावा होता. वडील शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. लोक कार्ड वाचत पुढे जात होते. नुसते हसून जाणारेही होते, नाही असं नाही. मग खांद्याला पिशवी लावलेली एक बाई वाकून शेवटची ओळ वाचून थांबली.

"आजोबा, वाकडे म्हणजे कशे?"

वडिलांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही वर केली, हात पुढे धरला आणि कोपरात वळवला. "असे. आमी कापूस घेऊन हिंगणघाटले गेलतो..."

"थांबा दादा," मागून काका ओरडले आणि आपली खुर्ची ओढत आले. "पहिल्यापासून सांगा. मीबी पुरं ऐकलो नाई कधी."